डॉक्टरला सुतक नसतं

भाद्रपद लागला की माझी झोप जाते. शेजारणी म्हणतात, वय झालं. म्हणू देत. वयाच्या डोक्यावर कशाचंही खापर फोडता येतं, ते बिचारं उलटून बोलत नाही. पण हे काम वयाचं नाही, हवेचं आहे. पाऊस मागं सरकलेला असतो, गेलेला नसतो. मध्येच ऊन असं तापतं की ओल्या जमिनीतून वाफ निघते. वारा पडलेला असतो. डबक्यांवर डास घोंगावतात, आणि भर दुपारी एखादा कावळा उगाच ओरडत राहतो.

चाकणजवळच्या आमच्या घराभोवती आता बाजरी नाही. समोर एका कंपनीची लांबलचक भिंत आहे. शिफ्ट सुटली की बसगाड्यांची रांग लागते, निळ्या शर्टातली पोरं वडापावच्या गाडीवर गर्दी करतात. त्यांच्यातल्या कुणाला भादव्याची भीती वाटत असेल असं दिसत नाही. वाटूही नये. मला मात्र त्या भिंतीच्या जागी अजून बाजरी दिसते, माणूस बुडेल एवढी उंच, आणि तिच्यातून गेलेली अरुंद पायवाट. त्या वाटेनं मी जात असे तेव्हा पुढचं काही दिसायचं नाही आणि मागचंही.

स्वातंत्र्याला दहा वर्षं व्हायची होती तेव्हाची गोष्ट. पुण्याला डॉक्टरकी शिकून मी आळंदी आणि चाकणच्या मधल्या एका गावात दवाखाना चालवायला आले होते. माझे यजमान पिंपरीला नव्यानं निघालेल्या एका कारखान्यात होते. ते शनिवारी सायकल हाणत यायचे आणि सोमवारी तांबडं फुटायच्या आत परत निघायचे. मधले दिवस मी, दवाखाना आणि गाव. अंगात हुरूप तर इतका की सर्दीपडशाच्या माणसालाही मी तपासून तपासून हैराण करी. पहिल्या वर्षी माझ्या हातून बाळंत झालेल्या बायका सगळ्या सुखरूप निघाल्या, आणि गावानं ठरवून टाकलं की डागदरीण बाईंच्या हाताला गुण आहे. मी खुळी, मला फार बरं वाटलं. गावानं दिलेली गोष्ट गाव परतही मागतं, हे तेव्हा मला कुठं माहीत होतं?

दुसऱ्या वर्षीचा भादवा हिवतापाचा निघाला. फवारणीची माणसं पाठीवर पंप घेऊन आली होती, घराघरांच्या भिंतींवर औषध मारून गेली होती. त्या औषधाचे पांढरे डाग बायकांना बघवेनात. सणासुदीचे दिवस, घर स्वच्छ दिसायला हवं, म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी भिंती शेणानं छान सारवून घेतल्या. औषध गेलं शेणाखाली आणि डास आले घरात. मग एकेका घरात गोधड्यांचे ढीग हलायला लागले. दारातून आत पाऊल टाकलं की दात वाजल्याचा आवाज आधी यायचा.

हिवताप गड्यामाणसाला आठ दिवस आडवं करून सोडून देतो. पोटुशा बाईला तो तसा सोडत नाही. ताप चढला की गर्भाच्या जिवावर येतं. त्यावर औषध होतं, कोयनेल. कडूजहर गोळी. पण कोयनेल उष्ण, कोयनेलनं पोट पडतं, ही समजूत बायकांच्या हाडीमाशी भिनलेली. गोळी माझ्याकडून घ्यायच्या, जिभेखाली धरून मान डोलवायच्या आणि गोठ्यामागं जाऊन थुंकायच्या. ज्या गिळायच्या त्यांतल्याही काहींचं पोट पडे, आणि मग बाकीच्यांना पुरावाच मिळे. पुस्तकात लिहिलेलं होतं की नुकसान तापानं जास्त होतं. पुस्तक खरं होतं, मी ते पुन्हा पुन्हा काढून वाचलं. तरी गोळी देताना माझीही बोटं किंचित आखडायला लागली होती.

पोटावर लावून बाळाचे ठोके ऐकायची एक लाकडी नळी असते. एक टोक बाईच्या पोटाला, दुसरं आपल्या कानाला. त्या भादव्यात ती नळी मला नकोशी झाली. कान लावावा आणि पलीकडे काही नसावं. बाईच्या आतड्यांची गुडगुड ऐकू यायची, तिचा स्वतःचा धपापता श्वास ऐकू यायचा, आणि ज्यासाठी वाकलेली असायचे ते तेवढं नाही. मी जागा बदलून बघे. डावीकडे, उजवीकडे, बेंबीच्या खाली. खरं म्हणजे मला केव्हाच कळलेलं असायचं. पण डोकं वर काढलं की बोलावं लागणार. जोवर मी वाकलेली आहे तोवर त्या बाईचं मूल जिवंत आहे, म्हणून मी वाकलेलीच राही. पाठ भरून यायची. कॉलेजात आम्हाला सगळं शिकवलं होतं. डोकं वर काढल्यावर काय बोलायचं ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

बायका रडायच्या नाहीत, हे आणखी वाईट. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. एकीनं तर मलाच विचारलं, "बाई, पानी देऊ का तुमास्नी?"

अशी मुलं जाळत नसत. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून शेताच्या बांधाला पुरायची, वर दगड रचायचे आणि कोल्हीकुत्री उकरू नयेत म्हणून बोराटीच्या काटेरी फांद्या टाकायच्या. बाजरीतल्या त्या वाटेनं जाताना बांधाबांधावर ते काट्यांचे ढीग दिसायला लागले. परक्या माणसाला वाटलं असतं, कुणी कुंपणासाठी काटे तोडून ठेवलेत. मला प्रत्येक ढीग ओळखू यायचा. हा सुताराच्या सुनेचा. हा त्या हसऱ्या मुलीचा, जिला अजून नीट लुगडं नेसता येत नव्हतं. मी नजर वळवून चालायला लागले, तर नजर वळवावी तिकडे दुसरा ढीग.

घरच्यांना निदान कोपरा धरता येतो. बाईला अंथरुणावर पडून राहता येतं, कुणी पेज आणून देतं, आयाबाया येऊन बसतात. मी त्या दारातून बाहेर पडायचे, रांजणातल्या पाण्यानं हात धुवायचे आणि पुढच्या घरी जायचे. तिथं कुणाचं गळू कापायचं असायचं, कुणाच्या कानात खडा गेलेला असायचा, आणि त्यांच्याशी हसून बोलायचं असायचं. डॉक्टरला सुतक नसतं. मला ते हवं होतं. वाटायचं, कुणीतरी मलाही म्हणावं, बाई, तुम्ही बसा थोडे दिवस, कशाला शिवू नका. असं कोण म्हणणार? जग बुडालं असतं, नाही का.

एका शनिवारी आमचे हे आले आणि चहा पिता पिता माझ्या हातांकडे बघत राहिले. "अगं, हे काय करून घेतलंयस?" बोटांची सालं निघाली होती, पेरं लाल झाली होती. मी औषधी पाण्यानं हात धूत होते, पुन्हा पुन्हा, कुणाला शिवलेले नसतानाही. त्यांनी खोबरेल तेल आणून चोळून दिलं आणि थट्टेनं म्हणाले, "आमच्या कारखान्यात बाटल्या धुणाऱ्या बायकांचे हात बरे याच्यापेक्षा." मी हसले नाही तेव्हा त्यांनी माझा दुसरा हात चोळायला घेतला. त्या वर्षी आम्हाला मूल हवं होतं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही तसंच म्हटलं. मग विषयच निघेना झाला.

पितृपंधरवडा आला. गावात घराघरांवर कावळ्यांसाठी पानं ठेवलेली, आळूची भाजी, वडे, खीर. कुणाचा आजा, कुणाची सासू, सगळ्यांना नावानिशी बोलावणं. बांधावरच्यांना नाव नव्हतं. ते कुणाचेच पितर नव्हते, त्यांचं पान कुणी मांडणार नव्हतं. मी घराच्या मागच्या कठड्यावर थोडा दहीभात ठेवला आणि आत येऊन बसले. संध्याकाळपर्यंत त्याला कावळा शिवला नाही. नंतर मुंग्या लागल्या.

तोवर गावानं दुसरा निकाल दिला होता. हा निकाल माझ्या तोंडावर कुणी सांगितला नाही. विहिरीवर मी दिसले की पोटुशी पोर पदर पुढं ओढून पोट झाके. एक जण तर मला बघून भरली घागर तिथंच ठेवून माघारी फिरली. मग मीच आडवाटेनं जायला लागले, म्हणजे त्यांना फिरावं लागू नये. सगळ्यात भीतीची गोष्ट ही की मलाही ते पटायला लागलं होतं. दिवसा मी स्वतःला पुस्तकातलं सांगायची, आणि दारात एखादी गरोदर बाई उभी राहिली की वाटायचं, हिला हात लावू नये. मी मनाशी ठरवलं होतं, दसरा झाला की बाळंतपणं बंद. खोकला, खरूज, पोटदुखी बघायची. बास.

असं चाललेलं असताना एका दुपारी हौसाबाई दवाखान्यात आली. वाडीवरची म्हातारी, खणखणीत आवाजाची. तिची सून गोदा बाहेर लिंबाखाली उभी होती, आठ महिन्यांचं पोट घेऊन. गोदाची याआधीची तिन्ही मुलं गेलेली, दोन पोटात आणि एक जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी. हौसाबाई बाकावर बसली नाही, उभ्यानंच म्हणाली, "बाई, एक काम हाय. ह्या खेपेला पोर झालं की आमी ते उकिरड्यावर टाकनार. ते तुमी उचलायचं."

ही रीत मी ऐकून होते. ज्या घरात मूल टिकत नाही तिथं नवं मूल कचऱ्यात टाकून द्यायचं, दुसऱ्या बाईनं ते उचलून आपलं म्हणायचं, आणि मग आईबापांनी तिच्याकडून धान्य देऊन विकत घ्यायचं. म्हणजे मूल न्यायला येणारी सटवाई फसते. पण उचलायला लेकुरवाळी, भरल्या घरची बाई बघतात. मी म्हटलं, "मी कशाला? मला तर मूलसुद्धा नाही."

हौसाबाईनं माझ्याकडे सरळ बघितलं. "रागावू नगा. समदा गाव म्हनतोय, ह्या बाईच्या हातात पोर जगत न्हाई. मंग सटवी तुमच्याकडं जितं पोर धुंडाळत यील कशाला? तुमच्या हातात असलं तर तिला वाटंल, गेलंच की ते."

मला राग यायला हवा होता. पण आला नाही. इतके दिवस सगळे पाठीमागं बोलत होते. ही म्हातारी समोर येऊन तेच बोलली आणि वर मला काम सांगत होती. मी बराच वेळ टेबलावरचे चिमटे सारखे करत बसले. मग म्हटलं, "उचलीन. पण माझी एक अट आहे. सूनबाईला ताप येतोय ना? कोयनेल माझ्यासमोर गिळायचं. रोज."

"कोयनेलनं पोट पडतं, बाई."

"आणि मी हात लावला की पोर मरतं. तुम्ही त्या बदनाम हाताचा उपयोग करताय, तर मला या बदनाम गोळीचा करू द्या."

म्हातारीनं दाराकडं बघितलं. तेवढ्यात गोदा आत आली. ती फार बोलणारी नव्हती. म्हणाली, "मी गिळीन. पन आयत्या वक्ताला हात काडून घिऊ नगा बाई." आणि तिनं हात पुढं केला.

ती रोज येई, गूळ न मागता गोळी गिळी आणि तोंड उघडून दाखवी. त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. आता काही झालं तर ताप की गोळी असा प्रश्नच उरणार नव्हता, गोळी माझ्याच हातची, माझ्याच डोळ्यांदेखत घेतलेली. रोज नळी लावायची, आणि रोज तिथं ते असायचं, बारीक, घाईघाईचं टिकटिक. ते ऐकून बरं वाटायच्या ऐवजी मी आणखीच घाबरायची. नव्हतं तेव्हा जायला काही नव्हतं.

दिवाळी तोंडावर आली, बाजरी काढून खळ्यावर पडली. गोदाला कळा लागल्या तेव्हा दुपार होती आणि खळ्यावर कणसं तुडवत बैलांची पात फिरत होती. वाडीवर पोचून मी आत गेले तर मूल यायला लागलेलं. आलं ते निळं, लुळं. बायका भिंतीला टेकल्या. खळ्यावरचा हाकाऱ्याचा आवाज थांबला होता, कुणीतरी जाऊन सांगितलं असणार. मी रबरी नळीनं त्याच्या घशातला चिकटा ओढून काढला, पाठ चोळली, तळवे चोळले, त्याच्या तोंडावर तोंड ठेवून फुंकर घातली. पुन्हा घातली. मला बांधावरचा एक रिकामा कोपरा दिसायला लागला होता. आणि मग ते मूल मांजराच्या पिल्लासारखं किरकिरलं.

कुणी हसलं नाही, कुणी देवाचं नाव घेतलं नाही. हौसाबाई दारात जाऊन मोठ्यांदा ओरडली, "घान झाली गं बया, घान! टाका उकिरड्यावर!" गोदानं भिंतीकडं तोंड फिरवलं. तिला मुलगा की मुलगी हेसुद्धा विचारायचं नव्हतं.

आता भीती माझी होती, आणि ती सटवाईची नव्हती. उकिरडा म्हणजे शेण, आणि शेण नाळेला लागलं की धनुर्वात. असं मूल पहिल्या आठवड्यातच दूध ओढेनासं होतं, जबडा मिटतो, मग झटके. गोदाचं तिसऱ्या दिवशी गेलेलं मूल कशानं गेलं असेल, देव जाणे. मी फडकी उकळून बरोबरच आणली होती. नाळ बांधली, मुलाला त्यात घट्ट गुंडाळलं, सुपातही उकळलेलं फडकं अंथरलं आणि हौसाबाईला सांगितलं, "सुपातनं बाहेर एक बोट आलं तरी मी उचलणार नाही." तिनं ऐकलं.

सूप उकिरड्यावर ठेवलं. सगळे लांब झाले. मी चालत गेले आणि शिकवलं होतं तसं विचारलं, "हे पोर कुणाचं?" सगळे म्हणाले, "कुनाचं न्हाई." "मग मी घेते," म्हटलं आणि उचललं. ते ऊबदार होतं. त्या मोसमात माझ्या हातात आलेलं पहिलं ऊबदार मूल. मी ते फडक्यासकट गालाशी धरलं, आणि लोकांना वाटलं, बाई छान सोंग करते.

त्यानंतरचे दिवस ते मूल माझं होतं. गोदा त्याला पाजायची, पण परक्याचं पाजावं तशी मान फिरवून. मी रोज जायची, त्याच्या तोंडात स्वच्छ बोट घालून बघायची, ओढतंय का. ओढलं की तो दिवस गेला. शनिवारी आमचे हे म्हणाले, "वा, मला न विचारता आई झालीस की." आणि माझा चेहरा बघून, न सांगता सायकल काढून माझ्याबरोबर वाडीवर आले, बाहेर बसून राहिले. पाचवीला सटवाईच्या पूजेला आई म्हणून मलाच बसवलं. मी, एम.बी.बी.एस. झालेली बाई, मांडीवर मूल घेऊन पाट्याला हळदकुंकू वाहत होते, आणि एकीकडे त्याचा जबडा चाचपत होते. दोन्ही अगदी मनापासून.

आठवडा उलटला. मूल दूध ओढत होतं, ओरडत होतं, लाथा झाडत होतं. हौसाबाई सूपभर बाजरी घेऊन माझ्यापुढं आली आणि म्हणाली, "बाई, पोर इकता का?" मला "घ्या" म्हणायचं होतं. तेवढा एकच शब्द. तो राहिलाच. मुलाला छातीशी धरून मी रडायला लागले, आणि एकदा लागले ते थांबताच येईना. त्याच्यासाठी नव्हते रडत. सुताराच्या सुनेसाठी, त्या हसऱ्या मुलीसाठी, सगळ्या मोसमासाठी रडत होते. हौसाबाईनं घाई केली नाही. सूप हातात धरून उभी राहिली. शेवटी गोदानंच येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली.

मूल तिच्या पदराखाली गेल्यावर म्हातारी हळू आवाजात म्हणाली, "आता जावा. आन् एक ऐका. पुन्यांदा ह्या पोराचं तोंड बघू नगा. इकलेल्या पोराकडं इकनारीनं बघितलं तर सटवीला वळख पटती. वाटंत दिसलं तरी मान फिरवा."

मी म्हटलं, बरं.

त्यानंतर तीस वर्षं मी त्याच भागात बाळंतपणं केली. गावानं माझा गुण मला परत दिला. पुढंही पोटं पडली, मुलं गेली, बातमी सांगायला मी वाकलेली वर उठले. सवय कधी झाली नाही. पण त्या वाडीवर मी गेले नाही. त्या घरची माणसं आजारी पडली तर खेडच्या डॉक्टरकडे जात. बाजारात गोदा लांबून दिसली आणि तिच्या बाजूला कुणी लहान असेल असं वाटलं की मी कांद्याच्या ढिगाकडे तोंड करून उभी राही. त्याचं नाव केरबा ठेवलंय एवढं कानावर आलं होतं. ताप कशानं येतो, धनुर्वात कशानं होतो हे मी गावोगाव सांगत फिरले, आणि मान मात्र फिरवत राहिले. मूर्खपणा म्हणा. माझ्या हातातून जिवंत सुटलेलं ते त्या मोसमातलं एकच होतं, त्याच्यावर प्रयोग करायची माझी छाती नव्हती.

गेल्या भादव्यात दुपारी दार वाजलं. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली, घरात मी एकटीच. "कोण?" म्हणत मी कडीला हात घातला.

"उगडू नगा बाई," बाहेरून आवाज आला. पन्नाशीच्या गड्याचा, घोगरा. "मी केरबा. गोदाबाईचा."

माझा हात कडीवरच राहिला.

"आई गेली. तेरावं उरकलं काल. जाताना म्हनाली, त्या बाईस्नी सांगून ये, पोर जगलं म्हनून. पन तोंड दावू नगंस."

मी आतूनच "जेवलास का?" विचारलं.

"व्हय."

"ताप-बीप येत नाही ना?"

"न्हाई बाई. ठणठणीत हाय. नातू झालाय मला." मग म्हणाला, "बाई, एवढ्या वर्सात कुटंतरी बघितलंच असंल की तुमी मला. बाजारात, यष्टीत."

"नाही रे," मी म्हटलं.

मग दाराच्या खालच्या बाजूला काहीतरी टेकल्याचा आवाज झाला. उंबऱ्यावर डोकं ठेवलं असावं त्यानं. आमच्यात अंतर होतं ते दाराच्या एका फळीचं. पन्नाशी उलटलेल्या, नातू झालेल्या गड्याला म्हातारीनं बघितलं तर काय होणार होतं? काही नाही. मला ते पक्कं ठाऊक होतं. मी दोन्ही हातांनी कडी घट्ट दाबून धरली आणि म्हटलं, "जा बाळा. सावकाश जा."